नळाला कंठ फुटतो तो कुठून?

लातुरात नळाच्या आवाजाला घड्याळाचं काम असतं. ज्या रात्री पाणी सुटणार, त्या रात्री अनेक घरांत तोटी मुद्दाम उघडी ठेवतात आणि खाली रिकामी बादली. आधी पाइपातली हवा निघते. तोटी फुसफुसते, मग खाकरते आणि मग बादलीच्या बुडावर धार आदळते. त्या आवाजाने घरातलं कुणीतरी उठतं. बहुतेक वेळा ती घरातली बाईच असते. ती टाकी, पिंप, हंडे, कळशा भरते आणि दोन-अडीच तासांनी पुन्हा पाठ टेकते. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडल्यावर 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन ‘जलदूत’ रेल्वे ज्या शहरात आली, तिथे आवाज न करणाऱ्या नळाची चर्चा करणं म्हणजे दुष्काळात अत्तर शिंपडणं, असं कुणाला वाटलं तर नवल नाही.

पण त्याच लातूरची दुसरी बाजूही आहे. ‘लातूर पॅटर्न’मुळे हजारो मुलं-मुली इथे शिकायला येतात, नांदेडमध्येही शिकवण्यांभोवती अशीच वस्ती वाढली आहे. ही मुलं खोली भाड्याने घेऊन किंवा वसतिगृहात राहतात. खोल्यांमधली भिंत चार इंची विटेची, पलीकडे सामाईक न्हाणीघर आणि पाइप त्याच भिंतीत गाडलेला. पहाटे चारला अभ्यासाला उठणारा पहिला मुलगा नळ सोडतो आणि रात्री एकला झोपलेल्या दुसऱ्याच्या उशाशी भिंत घूं घूं करायला लागते. दोघांचंही काही चुकलेलं नाही. चूक आहे ती तोटीत, पाइपात आणि भिंतीत.

झोपलेल्या माणसाचे कान मिटत नाहीत. आवाज आला की मेंदू त्याची दखल घेतो. माणूस जागा झाला नाही तरी नाडी क्षणभर वाढते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि गाढ झोप उथळ होते. सकाळी ‘झोप तर झाली, पण अंग जड आहे’ अशी तक्रार येते, त्यामागे कित्येकदा हेच असतं. सलग येणाऱ्या पंख्याच्या घरघरीची सवय होते, मात्र अचानक सुरू होणाऱ्या आणि अचानक थांबणाऱ्या आवाजाची तितकी होत नाही. नळ नेमका तसा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शनात रात्री झोपायच्या खोलीत सरासरी 30 डेसिबलच्या वर आवाज नसावा असं म्हटलं आहे. रुग्णालयाच्या वॉर्डात रात्री एखादा क्षणिक आवाजही 40 डेसिबलच्या वर जाऊ नये, अशी अपेक्षा आहे. आपल्याकडच्या 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत शांतता क्षेत्रासाठी रात्रीची मर्यादा 40 डेसिबल आहे. पण तो नियम रस्त्यावरच्या भोंग्यासाठी कामाला येतो. भिंतीतल्या पाइपाविरुद्ध कोणी पोलिसात जात नाही.

मुळात नळ आवाज का करतो? पाणी वाहतं म्हणून, हे उत्तर अर्धंच आहे. नदीच्या संथ पात्रातही पाणी वाहतं, पण आवाज होत नाही. आवाज होतो तो अरुंद जागेतून पाणी जोराने घुसतं तेव्हा. नळ थोडासाच उघडला की आतल्या फटीतून पाण्याला प्रचंड वेगाने जावं लागतं. वेग वाढला की तिथला दाब पडतो. तो फारच पडला तर साध्या तापमानालाही पाण्यात वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात. पुढे जागा मोकळी झाली, दाब परत वाढला की हे बुडबुडे फटाफट मिटतात. बुडबुडा मिटताना होणारा धक्का इतका जोरदार असतो की कालांतराने धातूवर खड्डे पडतात. जहाजांच्या पंख्यांना आणि जलविद्युत केंद्रांच्या टर्बाइनना हाच रोग होतो. तोटीतून येणारा ‘शूंऽऽ’ असा तीक्ष्ण आवाज बहुधा या बुडबुड्यांचा असतो.

जुन्या फिरकीच्या नळाचं दुखणं वेगळं. इंग्लंडमध्ये रॉदरहॅमला 1845 मध्ये ज्याचं पेटंट घेतलं गेलं, तो फिरवून बंद करायचा नळ आजही खेड्यापाड्यांत तसाच आहे. त्यात खाली एक वॉशर असतो. प्लंबर त्याला ‘वायसर’ म्हणतात. तो झिजला किंवा सैल झाला की वाहत्या पाण्यात थरथरतो आणि नळ सनईसारखा वाजायला लागतो. काही रुपयांत तो बदलता येतो आणि आवाज तिथेच थांबतो. हे माहीत नसल्याने लोक अख्खा नळ बदलतात.

तिसरा प्रकार धक्क्याचा. नळ एकदम बंद केला की भिंतीत ‘ठक्’ असा आवाज येतो. वाहणाऱ्या पाण्याला वजन आणि वेग असतो. ते एकाएकी अडवलं की पाइपात दाबाची लाट मागे धावते. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून निकोलाय झुकोव्हस्की यांनी 1898 मध्ये याचं गणित मांडलं. त्या हिशेबाने लोखंडी पाइपात सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारं पाणी झटक्यात थांबवलं तर दाब साधारण दहा ते बारा वातावरणांइतका उसळतो. प्लास्टिकच्या पाइपात तो बराच कमी असतो, कारण पाइप किंचित फुगून धक्का पचवतो. पूर्वीचा नळ चार-पाच फेऱ्यांनी बंद व्हायचा, त्यामुळे हा प्रश्न फारसा नव्हता. आताची एका दांडीची तोटी बोटाच्या टिचकीने मिटते.

यात एक गंमत आहे. इतका आवाज करणारी तोटी स्वतः मात्र फारशी वाजत नाही. मूठभर पितळेला मोठा आवाज हवेत सोडताच येत नाही. तंबोऱ्याची तार एकटी छेडली तर ती जेमतेम ऐकू येते, भोपळा जोडला की घर भरून जातं. इथे भोपळ्याचं काम भिंत करते. तोटीतला थरकाप पाण्यातून आणि पाइपातून पुढे जातो, चिमट्यांतून आणि सिमेंटमधून भिंतीला भिडतो आणि दहा बाय दहाची भिंत तो शेजारच्या खोलीत ओतते. म्हणून नळ सोडणाऱ्याला आवाज कमी ऐकू येतो आणि पलीकडे झोपलेल्याला जास्त.

युरोपात, विशेषतः जर्मनीत, बहुमजली घरांतून हा प्रश्न इतका तापला की नळांच्या आवाजाची प्रयोगशाळेत मोजणी सुरू झाली. आयएसओ 3822 हे त्याचं आंतरराष्ट्रीय मानक. यात तोटी एका ठरावीक पाइपाला आणि ठरावीक भिंतीला जोडतात, तीन बार दाबाने पाणी सोडतात आणि भिंतीच्या पलीकडच्या खोलीत आवाज मोजतात. 20 डेसिबलच्या आत असेल तर पहिला गट, 30 च्या आत असेल तर दुसरा. मोजणी पलीकडच्या खोलीत होते, हे महत्त्वाचं.

शांत नळ बनवायचा म्हणजे काय करायचं, हे आता कळेल. दाब एकाच फटीत न पाडता दोन-तीन टप्प्यांत पाडायचा. वाटेतल्या धारदार कडा गोलसर करायच्या. तोंडाशी बारीक जाळी बसवायची. ही जाळी धारेत हवा मिसळते, त्यामुळे पाणी उडत नाही आणि कमी पाण्यात हात धुतल्यासारखं वाटतं. शिवाय ती थोडा अडथळा करते, म्हणून मागच्या फटीपाशी दाब फार पडत नाही आणि बुडबुडे कमी होतात. भिंतीवरच्या मिक्सरला जोडणाऱ्या वाकड्या नळीत आवाज शोषणारी प्लास्टिकची चकतीही बसवता येते. उपाय फार अवघड नाहीत. ते पितळेच्या एका ओतीव तुकड्यात बसवणं मात्र अवघड आहे.

मिक्सर म्हणजे गरम आणि थंड पाणी एकाच तोटीतून मिसळून देणारा नळ. तो पूर्वी कारागिरीचाच भाग होता. आत एकमेकींना न भेटणाऱ्या दोन वाटा, वर दोन फिरक्या, पुढे मिसळायची पोकळी, आणि हे सगळं वाळूचे गाभे ठेवून ओतायचं. गाभा जरा सरकला की भिंत एका बाजूला पातळ, दुसऱ्या बाजूला जाड, आणि माल भंगारात. अमेरिकेत आल्फ्रेड मोएन नावाच्या विद्यार्थ्याचे हात 1937 मध्ये अशाच दोन फिरक्यांच्या नळाखाली भाजले आणि एकाच दांडीने पाणी आणि तापमान दोन्ही सांभाळणारी तोटी करायचं त्याने मनावर घेतलं. मध्ये महायुद्ध आलं, पितळ मिळेना. त्याची तोटी 1947 मध्ये बाजारात आली. पुढे त्यातला सगळा गुंता ‘कार्ट्रिज’ नावाच्या डबीत गेला. आज 35 किंवा 40 मिलिमीटरची ही डबी जगभर मिळते. तिच्यात आरशासारख्या घासलेल्या सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. रबराचा वॉशर नाही, म्हणून थरथर नाही. आवाज कमी करायचे उपायही याच डबीत करता येतात. चकतीच्या छिद्राचा आकार बदलायचा, आत जाळी घालायची. नळ बनवणाऱ्याला बाहेरचा सांगाडा तेवढा नीट ओतायचा राहतो. शांत नळ आणि बनवायला सोपा नळ इथे एका वाटेवर आले.

मराठवाड्यात मात्र ही वाट अडते, कारण तोटी तीन बारच्या दाबासाठी घडवलेली असते. तीन बार म्हणजे तीस मीटर उंचीवरच्या टाकीचं पाणी, जवळजवळ दहा मजल्यांचं. नांदेड-लातूरच्या बैठ्या घरात स्लॅबवरची टाकी शॉवरपासून जेमतेम आठ-दहा फुटांवर असते. त्यातून मिळणारा दाब बारच्या एक तृतीयांशाहूनही कमी. दुकानात चकाकणारा मिक्सर घरी आणला की करंगळीएवढी धार येते. मग प्लंबर प्रेशर पंप सुचवतो. पंप बसला की धार येते आणि घरात दुसराच आवाज सुरू होतो. पंप स्लॅबवर सरळ बोल्ट मारून बसवलेला असेल तर खाली झोपलेल्याच्या डोक्यावर रात्रभर कुणी खुर्ची ओढत असल्यासारखं वाटतं. जिथे दाबच नव्हता तिथे आवाजही नव्हता. तो पैसे देऊन विकत आणला गेला.

आणि पंप फक्त थंड पाण्याच्या पाइपावर असेल तर प्रकरण आवाजापुरतं राहत नाही. सोलरचं गरम पाणी वरून आपल्या वजनाने उतरतं, थंड पाणी पंपाच्या जोराने येतं. मिक्सरच्या पोकळीत दोघांची गाठ पडली की जोरदार थंड पाणी गरम पाइपात घुसतं आणि गरम पाणी येतच नाही. अंघोळ करणारा दांडी पूर्ण गरमकडे नेतो. तेवढ्यात पंप बंद पडतो किंवा वीज जाते, थंड पाण्याचा जोर संपतो आणि सोलरचं उकळतं पाणी एकदम अंगावर येतं. मार्च ते मे मध्ये या भागात सोलरचं पाणी साठ अंशांच्या वर सहज जातं. साठ अंशांच्या पाण्याने प्रौढ माणसाची कातडी खोलवर भाजायला पाच सेकंद पुरतात. 49 अंशांना त्यासाठी काही मिनिटं लागतात. लहान मुलांची कातडी पातळ, म्हणून त्यांना त्याहून कमी वेळ पुरतो. म्हातारी माणसं आणि मधुमेहामुळे पायांची जाणीव गेलेले रुग्ण वेळेवर मागे सरू शकत नाहीत. साधा नियम असा की, गरम आणि थंड दोन्ही पाणी एकाच उंचीच्या टाकीतून आणि एकाच दाबाने आलं पाहिजे. पंप बसवायचाच असेल तर तो दोन्हींच्या आधी. आणि मुलांच्या बादलीत आधी थंड पाणी, मग गरम.

गिझर किंवा सोलरचं पाणी कोमट ठेवून हा धोका टाळावा, असंही काहींना वाटतं. पण साठवलेलं कोमट पाणी लिजिओनेला या जिवाणूला मानवतं. तो फवाऱ्यातून फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया करतो. टाकीत पाणी गरमच असावं आणि अंगावर येताना मिसळून सोसवेल इतकं व्हावं, हे मिक्सरचं खरं वैद्यकीय काम आहे.

बनवायला सोपं म्हणजे आरोग्यालाही चांगलंच, असं समजू नये. लेथवर पितळ कापताना चुरा लांब, चिवट निघाला की हत्यार अडकतं. पितळेत दोन-तीन टक्के शिसं मिसळलं की चुरा सुटा पडतो, आटे स्वच्छ निघतात, काम भराभर होतं. म्हणून जगभर तोट्या अशाच पितळेच्या होत आल्या. त्यातलं थोडं शिसं रात्रभर साचून राहिलेल्या पाण्यात उतरतं. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक आहे आणि त्याची सुरक्षित मात्रा अशी कोणतीच नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या लिटरभर पाण्यात ते 0.01 मिलिग्रॅमहून अधिक नसावं. अमेरिकेने जानेवारी 2014 पासून पिण्याच्या नळांच्या पाण्याला लागणाऱ्या भागात शिशाचं प्रमाण सरासरी 0.25 टक्क्यांच्या आत आणणं सक्तीचं केलं. तिथले कारखाने मग सिलिकॉन किंवा बिस्मथ घातलेल्या पितळेकडे वळले. आपल्याकडे स्वस्त तोटीच्या डबीवर असा उल्लेख शोधूनही सापडणं कठीण.

सकाळचं पहिलं पाणी थोडा वेळ वाहू द्यावं, असा सल्ला पाश्चात्त्य पुस्तकं देतात. लातुरात तो कोणत्या तोंडाने द्यायचा? पहिलं तांब्याभर पाणी बादलीत धरावं, भांड्याला किंवा तुळशीला घालावं आणि मग पिण्याचं भरावं. स्वयंपाकाला गरम नळाचं पाणी घेऊ नये, कारण गरम पाण्यात शिसं जास्त विरघळतं.

गळक्या नळाचा ‘टप्’ आवाजही झोप घालवतो. तो थेंब पाण्यावर आदळल्याचा आवाज आहे, असा शेकडो वर्षांचा समज. केंब्रिज विद्यापीठात अनुराग अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये वेगवान कॅमेऱ्याने पाहिलं, तर आदळणं जवळजवळ नि:शब्द निघालं. थेंबामुळे पाण्यात खळगा पडतो, त्याखाली हवेचा एक चिमुकला बुडबुडा अडकतो, तो थरथरतो आणि पाण्याच्या पृष्ठभागाला हलवतो. आवाज येतो तो त्यामुळे. भांड्यातल्या पाण्यात थोडा भांडी घासायचा साबण टाकला तर पृष्ठताण कमी होतो आणि आवाज थांबतो. अर्थात साबण गळती थांबवत नाही. सेकंदाला एक थेंब आणि थेंब मिलिलिटरच्या दहाव्या भागाएवढा धरला तरी दिवसाला साडेआठ लिटर पाणी जातं. असे 58 हजार नळ दिवसभर गळले की जलदूतच्या पहिल्या फेरीएवढं पाणी संपतं.

नळ फुसफुसतो तसा कधी उलटाही चालतो. पाणी बंद झाल्यावर तोटीला बोट लावलं आणि आत ओढल्यासारखं वाटलं, तर पाइपात उणा दाब आहे. शेजारच्या मोटरी थेट नळाला लावलेल्या असतील तर तो आणखी वाढतो. अशा वेळी पाइपाच्या फटीतून गटारातलं पाणी आत येतं आणि काही आठवड्यांनी गल्लीत काविळीचे रुग्ण दिसायला लागतात. पाणी आल्यावरची पहिली पाच मिनिटं पिण्यासाठी भरू नयेत आणि शेवटच्या नळापाशी लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं आहे का, याची तपासणी नगरपालिकेकडे मागावी.

घर बांधणाऱ्याने गवंडी असतानाच दोन गोष्टी करून घ्याव्यात. न्हाणीघराचा पाइप झोपायच्या खोलीच्या भिंतीत गाडू नये, बाहेरच्या भिंतीतून न्यावा. गाडावाच लागला तर खाचेत फोमची गुंडाळी घालून गाडावा आणि चिमट्यांत रबर असावं. ज्यांनी हे केलं नाही त्यांच्यासाठी महागड्या तोटीपेक्षा पाइपावरचा कॉक अर्धा मिटवून दाब कमी करणं जास्त उपयोगी. ही युक्ती जिथे पंप आहे तिथेच चालते.

रुग्णालयात नळाचा हिशेब आणखी वेगळा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात आवाज 45 डेसिबलच्या वर जाऊ नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1997 मध्येच सुचवलं होतं. स्टीलच्या पसरट बेसिनवर उंचावरून पडणारी धार ही मर्यादा सहज ओलांडते. धार बेसिनच्या उतारावर पडली आणि बेसिनच्या खालून रबराचा थर चिकटवला तर फरक पडतो. पण इथे मोहाची एक जागा आहे. हात पुढे केला की आपोआप सुरू होणारे, जाळीदार, शांत नळ आधुनिक दिसतात. अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने 2011 मध्ये जाहीर केलेल्या तपासणीत अशा डोळेवाल्या नळांच्या निम्म्या नमुन्यांत लिजिओनेला सापडला. हाताने फिरवायच्या साध्या नळांत तो 15 टक्के नमुन्यांत होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून पुढच्या जानेवारीपर्यंत उत्तर आयर्लंडमध्ये नवजात बाळांच्या कक्षांत स्यूडोमोनस या जिवाणूची साथ आली, चार बाळं दगावली आणि तपासात तोच जिवाणू नळांत सापडला. जितके आतले भाग बारीक आणि गुंतागुंतीचे, तितकी जिवाणूंच्या साईला चिकटून राहायला जागा जास्त. शस्त्रक्रियागृहाबाहेर कोपराने ढकलायचा लांब दांडीचा नळ असतो. तो दिसायला जुनाट असला तरी आत सरळ, रुंद आणि धुवायला सोपा असतो.

घरातल्या जाळीलाही हेच लागू. बोअरचं पाणी जड असेल तर काही आठवड्यांत तिच्यावर पांढरा क्षार बसतो, धार वाकडी होते, नळ शिट्टी वाजवतो आणि क्षाराच्या आडोशाला बुळबुळीत थर जमतो. जाळी हाताने किंवा पान्ह्याने सुटते. रात्री व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावी, सकाळी जुन्या टूथब्रशने घासून पुन्हा बसवावी. पाणी फार जड असेल तर महिन्यातून एकदा, एरवी तीन महिन्यांनी.